सर्वपित्रीचा सावकार

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे दोन हजार खुर्च्या आल्या. लाल प्लॅस्टिकच्या, प्रत्येक खुर्चीला पन्नी गुंडाळलेली. माझा मुलगा सोमनाथ मंडपाचा धंदा करायचा. मंडप, खुर्च्या, भांडी, जेवण, सगळंच. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत खाली गोडाऊन, वर तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं, मी आणि तो. शेकडो लग्नं उभी केली, पण स्वतःचं काही जमलं नाही. मी म्हणायचे, अरे, मंडप घरचाच आहे, नवरी तेवढी भाड्यानं आण.

चार दिवसांनी खाली गेले तर निम्म्या खुर्च्या गायब.

"कुठं रे गेल्या?"

"भाड्यानं गेल्या."

"अंगावरची पन्नी न काढता?"

तो हसला. "आई, तू पोलिसात जायला हवी होतीस."

जायला हवीच होती. कारण दिसत सगळं होतं मला. माल उधारीवर यायचा आणि मागच्या दारानं निम्म्या भावात जायचा. भांडी घासणाऱ्या शकुबाईचा सात महिन्यांचा पगार थकला होता, आणि त्याच महिन्यात त्यानं जनरेटर माझ्या नावावर केला. मग टेंपो माझ्या नावावर. मग हा फ्लॅट. मग धंद्याचं लायसनसुद्धा. मी म्हटलं, काय रे, माझा वाढदिवस आहे की तेरावा? जुन्या हिशेबाच्या वह्या कुठं गेल्या विचारलं, तर म्हणे पुराच्या पाण्यात गेल्या. आता त्या वर्षी गोदावरी आमच्या गल्लीत कशाला येईल? पण मी गप्प बसले. शकुबाई माझ्यासोबत वीस वर्षं चहा प्यायलेली बाई, तिच्याशी नजर चुकवायला लागले, तरी गप्प बसले.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यानं टेबलावर स्टॅम्पपेपर ठेवला.

"आई, मी दिवाळखोरीचा अर्ज टाकतोय. कोर्ट एक माणूस नेमेल. जे काही उरलंय ते विकून तो सगळ्या घेणेकऱ्यांना वाटेल. ज्याचं घेणं मोठं, त्याला मोठा वाटा. आता सगळ्यात मोठा सावकार जर आपलाच असला, तर तो वाटा कुठं येईल?"

"आपल्याच घरात. पण असा सावकार आहे कोण?"

"नाहीये. तू सांगशील तसा होईल तो." माझा हात धरला त्यानं. लहानपणी ताप आला की धरायचा तसा. "वकील म्हणतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलं की पटतं. अर्ज फसला तर मी आत जाईन, आई."

आता बिल्डिंगमधली पोरं मला थापाडी आजी म्हणतात, ते काही उगीच नाही. नांदगावच्या बाजारात मी एवढा मोठा उंदीर घेतला होता की घरातली मांजर बॅग भरून माहेरी गेली, हे मीच त्यांना सांगितलंय. म्हणून खरं सांगते, मला भीती वाटली त्यापेक्षा मजा जास्त वाटली. इतकी वर्षं माझ्या थापांनी कुणाचं पोट भरलं नव्हतं. आता लेक वाचणार होता.

मी माणूस घडवायला घेतला. नाव रंगनाथशेठ. गाव हरसूल, कारण तिकडं डोंगरात कोण शोधायला जातंय. पांढरं धोतर, आणि भर उन्हाळ्यातही अंगात तपकिरी स्वेटर. डाव्या कानाची पाळी फाटलेली. खुर्चीत कधी टेकून बसत नाही, कडेलाच बसतो. बोलतो इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागतं. आणि जेवतो अळणी. कुणाच्या घरचं मीठ खाऊन मिंधं व्हायचं नाही म्हणून. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, नंतर लागली तर असावी म्हणून मनात ठेवली. स्वेटरचं तिसरं बटण तुटलेलं आणि त्याजागी शर्टाचं लाल बटण शिवलेलं.

कागदावर तारीख वकिलाच्या माणसानं मागची टाकली. चौदा ऑक्टोबर, दोन हजार तेवीस. पस्तीस लाख, रोख.

कोर्टानं नेमलेले यादवसाहेब एप्रिलमध्ये घरी आले. बारीक, चष्मेवाले, घाम पुसत पुसत लिहिणारे. मी पन्हं दिलं आणि रंगनाथशेठ असा काही रंगवला की सोमनाथसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत बसला.

"तारण काय घेतलं त्यांनी?" साहेबांनी विचारलं.

हे आमचं ठरलंच नव्हतं. सोमनाथनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी म्हटलं दागिने घ्या. तर म्हणाले, नको आई. तुम्हाला एकच लेक ना? तेवढं पुरे."

साहेबांनी ते लिहिलं. मग कागद उलटा करून तारीख बघितली, मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि चष्मा काढला.

"आजी, चौदा ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या होती."

माझ्या पायाखालची फरशी गार झाली. त्या दिवशी आमच्याकडे कुणी सुईदोरासुद्धा विकत घेत नाही. पस्तीस लाखांचा व्यवहार कोण करतो? वकिलाच्या माणसानं तारीख बघितली होती, तिथी नाही.

"मला सांगा, सर्वपित्रीला घरी कोण येतं?" साहेब म्हणाले.

"म्हणून तर!" मी म्हटलं. थांबले असते तर लेक गेला असता. "त्या दिवशी दारी आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं? आमच्याकडंच जेवले ते. पान वाढलं, खीर वाढली. मीच या म्हटलं."

मी हे बोलले आणि स्वयंपाकघरातून तळलेल्या वड्यांचा वास आला. गॅस बंद होता. साहेबांनीही तिकडं मान वळवली.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. सोमनाथनं तो स्पीकरवर टाकला.

"तुमचे रंगनाथशेठ येऊन गेले. दाव्याचा अर्ज दिला, अंगठा केला. आजी, मी तुमच्यावर शंका घेतली, माफ करा. तुम्ही सांगितलं होतं तस्से आहेत. फाटका कान, स्वेटर. या उन्हात!"

सोमनाथनं फोन ठेवला आणि आधी हसला. वकिलानं नट पाठवला म्हणाला. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, मी कुणाला पाठवलं नाही, पण आलाय ना, मग बरंच आहे की!

मी दुसऱ्या दिवशी रिक्षा करून जुन्या सीबीएस बसस्टँडजवळ साहेबांच्या ऑफिसात गेले.

"साहेब, त्यांच्या स्वेटरला बटणं कशी होती?"

"बटणं?" ते जरा आठवत बसले. "एक लाल होतं बघा. का हो?"

ते बटण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"एक विचित्र झालं तेव्हा," ते स्वतःशीच म्हणाले. "वर पंखा फुल होता. माझे कागद उडत होते. त्यांच्या समोरचा एकही हलला नाही."

मग मी सगळं ओकले. सावकार खोटा, तारीख खोटी, मी थापाडी आहे, गल्लीत कुणालाही विचारा. मला काय करायचं ते करा, पण त्या माणसाचं नाव खोडा.

साहेबांनी मला पाणी दिलं. "आजी, वीस वर्षं मी हेच बघतोय. लोक माल नातेवाइकांच्या नावावर करतात, वह्या हरवतात, खोटे सावकार उभे करतात. आणि खरा सावकार दारात आला, की तो खोटा म्हणतात. ते समोर बसले होते माझ्या. या खुर्चीत."

जन्मात पहिल्यांदा मी खरं बोलले होते.

मे महिन्यात शकुबाई आली. पेढे घेऊन.

"कुसाबाई, पगार भेटला की गं! साती महिन्यांचा. तुमचे ते हरसूलचे शेठ आले व्हते वस्तीवर. लय भला माणूस हाय. म्हनले, आधी तुमचं सगळ्यांचं फिटंल, माझं मी शेवटाला घेईन."

"काय घेणार ते, म्हणाले का?"

"ते नाय बोलले. खा ना पेढा, तोंड का पाडलंय?"

त्याच आठवड्यात सकाळी गोडाऊन उघडलं, तर विकून टाकलेल्या सगळ्या खुर्च्या आत. थप्पी लावलेल्या नाही, मांडलेल्या. ओळींमागं ओळी, दोन हजार, पन्नीसकट, सगळ्यांची तोंडं आमच्या जिन्याकडं. पहिल्या ओळीत मधल्या एकाच खुर्चीची पन्नी काढून घडी घालून ठेवली होती.

सोमनाथ त्या दिवसापासून कमी बोलायला लागला. ज्या व्यापाऱ्यांचा माल होता ते येऊन घेऊन गेले. पावसाळा संपेतो एकेकाचं फिटलं. जनरेटर विकला, टेंपो विकला, लपवलेली रोकडसुद्धा त्यानं स्वतःहून नेऊन दिली. मला वाटलं, चला, आता तुरुंग नाही, देणं नाही. गरिबीत राहू. शकुबाईसोबत मीही भांडी घासेन.

"आई," तो एकदा जेवता जेवता म्हणाला, "यादीत आता एकच नाव राहिलंय."

"आपण हरसूलला जाऊ. पाया पडू त्यांच्या."

"जाऊन आलो मी. तिथं त्या नावाचं कुणीच नाही." भाकरीचा तुकडा त्यानं तसाच खाली ठेवला. "तू अजून काय काय सांगितलं होतंस, आई?"

यंदाची सर्वपित्री रविवारी आली. मी पहाटेपासून स्वयंपाक केला. खीर, वडे, आमटी, कढी, भोपळ्याची भाजी. आणि सगळ्यात मीठ घातलं. खिरीतसुद्धा. मूठभर. एकदा आमचं मीठ पोटात गेलं, की आमच्या घरचं वाईट कसं करेल तो?

बाराच्या सुमाराला बेल वाजली.

सोमनाथनं दार उघडलं.

मी घडवला होता तसाच होता. फक्त वय मी सांगायचं विसरले होते, त्यामुळं चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं.

तो खुर्चीच्या कडेला बसला. मी पान वाढलं. आमटी पानाबाहेर गेली.

त्यानं पानाकडं बघितलं. बोलला ते ऐकायला मला वाकावं लागलं.

"आई, मी अळणी जेवतो. तुम्हाला तर माहीत आहे."

"मला न्या," मी म्हटलं. "तारण मी सांगितलं. मला न्या."

"तुम्ही सांगितलं तेवढंच मला घेता येतं."

तो उठला. सोमनाथही उठला. कुणी ओढलं नाही त्याला. शर्टाची बाही सारखी केली, चप्पल घातली, आणि पाहुणा निघाला की नेहमी म्हणायचा तेच म्हणाला.

"आई, ह्यांना खालपर्यंत सोडून येतो."

मी जिन्यात धावले. खाली गल्लीत ऊन होतं. कुणी नव्हतं.

पोलीस चौकीत तक्रार द्यायला गेले, तर हवालदारानं मुलाचा काहीतरी कागद मागितला. फ्लॅट माझ्या नावावर. धंदा माझ्या नावावर. लाइटबिल, गॅस, सगळं माझं. त्यानं स्वतःच एकेक करून आपलं नाव काढून टाकलं होतं. रेशनकार्डावर तरी असेल म्हणून आणलं, तर त्यावर एकच ओळ. मी.

यादवसाहेबांनी फाइल उघडून दाखवली. "दिवाळखोरीचा अर्ज तुमचाच होता, आजी. कुसाबाई. बघा ना, सही तुमची."

शकुबाईला विचारलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"कोन सोमनाथ? तुला कुटं पोरगं व्हतं, बाई?"

तेव्हापासून मी रोज सांगते. रंगनाथशेठ नुसता सांगून सांगून आला. मग खरा असलेला माझा लेक का नाही येणार? शेजारची रूपाली कॉलेजातून आली की माझ्यापाशी बसते. तिला मी सगळं सांगते. कसा हसायचा, ताप आला की कसा हात धरायचा, दहावीत गणितात किती पडले, हरभऱ्याची भाजी कशी आवडायची, हनुवटीवर तीळ कसा होता. काही सुटायला नको. सुटलं तर तेवढाच कमी येईल तो.

तिला फार आवडतं. म्हणते, आजी, तुमच्या सगळ्या गोष्टींत ही सोमनाथची एक नंबर आहे.

काल मात्र ती मध्येच थांबली.

"आजी, तीळ हनुवटीवर होता ना? आज तुम्ही गालावर म्हणालात."

मी डोळे मिटून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कुठं होता, आजी?"