खंडेनवमीचा प्रोसेसर

विश्रामबागेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात जुना प्रोसेसर एकच उरला होता आणि गिऱ्हाइकं दोन. सृष्टीने हात पुढे केला, तेवढ्यात शेजारच्या चष्मेवाल्याने – जयराज त्याचं नाव, कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला – तो उचललासुद्धा!

“मला लागतोय हो,” ती म्हणाली. “दसऱ्याच्या आत घरचा कॉम्प्युटर वेगात चालला नाही, तर कंपनी घरून काम करू देणार नाही. गाव सोडून पुण्याला जावं लागेल... कायमचं.”

“मदरबोर्ड कुठला?”

“काळा.”

तो हसला. वर गालाला खळी! “रंग नको, नंबर बघा. बोर्डावरची बसायची जागा, सॉकेट, जुळलं तरच हा बसतो. हवा तर मलाही आहे, पण तुमच्यात बसला तर तुमचा. घरी जाऊन कॉम्प्युटरचा डबा उघडा, माझ्या नंबरवर फोटो पाठवा.”

सृष्टीने फोटो पाठवला. त्याने उलट तीन प्रश्न विचारले, त्यातला एक ‘जेवण झालं का’ हा होता. सॉकेट जुळलं, प्रोसेसर तिला मिळाला.

खंडेनवमीला तिच्या आईने, लीलाबाईंनी, कोयत्या-विळ्यांच्या रांगेत प्रोसेसरही मांडला आणि सोनेरी बाजूवर हळद-कुंकू वाहिलं. सृष्टीने तो वरवर पुसून घाईने बसवला. पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळाच. आता पुणं... आणि ती खळी इथंच राहणार! तिने जयराजला फोन लावला.

जयराज अर्ध्या तासात हजर. प्रोसेसर काढून उलटा करून बघतो, तर खालच्या ठिपक्याठिपक्यात कुंकू!

“आवं मावशी, मळवट भरलाय की ह्याला!”

“सोनं दिसलं, मग पूजा नको व्हय?” लीलाबाई ठसक्यात म्हणाल्या.

त्याने स्पिरिट आणि मऊ ब्रश घेऊन सगळं निगुतीने साफ केलं. सृष्टी मोबाईलचा टॉर्च धरून उभी. बोटाला बोट लागलं, उजेड हलला... मग त्याने प्रोसेसर परत बसवला आणि स्क्रीन उजळला. पुणं टळलं. तिला रडूच यायला लागलं.

“पण तुमच्या कॉम्प्युटरचं काय?”

“माझ्या बोर्डात हा बसतच न्हाई,” तो ब्रश पुसत म्हणाला. “त्या दिवशी दुकानात माउस घ्यायला गेलो होतो. तुमचा हात याच्याकडे गेला, म्हणून उचलला. न्हाईतर बोलला असता का माझ्याशी?”

सृष्टीने टॉर्च बंद केला.

“उद्या सोनं द्यायला या,” ती म्हणाली.

“मावशींना?”

“आईला पाया पडताना द्या. आधी मला.”