घुई

माझं दुकान पांढुर्ण्यात, तिगावच्या रस्त्यावर आहे. टिनाचं शेड, एक बाकडं, भिंतीवर खिळे आणि खिळ्यांवर वायरींची वेटोळी. पंचेचाळीस वर्षं मी गाड्यांचं वायरिंग करतो आहे. माझ्या हाताखाली कोणी शिकलं नाही. मला शिकवता येत नाही, आणि माझी पद्धतही दुसऱ्याला कळण्यासारखी नाही.

मला लिहिता येत नव्हतं तेव्हा मी प्रत्येक वायरीवर पांढरा दोरा बांधून गाठी मारायचो. हॉर्नची एक, ब्रेकची दोन, मोठ्या लाईटची तीन, धुक्याच्या लाईटची चार. मी चाळीस वर्षांचा होतो तेव्हा माझी मुलगी रश्मी तिसरीत होती. तिनं मला अक्षरं शिकवली. मग मी गाठींच्या वर कापडी पट्टी चिकटवून नावं लिहू लागलो. गाठी मात्र सुटल्या नाहीत.

आमच्याकडे धुक्याला धुई म्हणतात. दोन हिवाळे मी पट्टीवर ‘घुई’ लिहीत होतो. एक दिवस रश्मी डबा घेऊन दुकानात आली, तिनं ते वाचलं आणि पोट धरून हसली.

“बाबा, हे घुई होय! ध चं डोकं उघडं असते. तुम्ही त्याले टोपी घालून देल्ली.”

त्यानंतर मी ते अक्षर कधी चुकलो नाही. ही गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीची. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या टोपीवर अडलेलं आहे.

रश्मी आता सौसरच्या शाळेत शिकवते. रोज सकाळी जायचं म्हणजे लांबचा रस्ता. या डिसेंबरात तिनं तिकडच्याच एका दलालाकडून जुनी गाडी घेतली. दोन हजार सोळाची. रविवारी ती गाडी दुकानासमोर उभी करून ती खाली उतरली.

“बाबा, जामसांवलीच्या अलीकडं नाल्याच्या रपट्यावर अशी धुई असते का आपलंच बोनट दिसत नाही. मोठा लाईट लावला का समोर पांढरी भीत. मले फक्त खालचे पिवळे पाह्यजेत. अलग.”

तिचं बरोबर होतं. या गाडीत मोठे लाईट लावल्याशिवाय खालचे पेटत नव्हते. कंपनीनं तशीच लाइन दिली होती. मला त्यांची लाइन वेगळी करायची होती. बॅटरीवरून थेट वायर, मध्ये फ्यूज, मग रिले, रिलेवरून लाईट. आणि रिलेला हुकूम देणारी एक बारीक वायर आत, डॅशबोर्डखाली, स्विचपर्यंत. दोन तासांचं काम.

रश्मी घरी गेली आणि मी बोनट उघडलं. पहिल्यांदा मला पुढचा रंग खटकला. बाकी गाडी उन्हानं फिकी पडलेली, पुढचा भाग तेवढा ताजा. डावा पिवळा लाईट खाली झुकलेला, त्याची पट्टी वाकवून सरळ केलेली. गाडी समोरून ठोकलेली होती आणि दलालानं ते सांगितलं नव्हतं.

मग कंपनीच्या वायरींच्या मागे मला एक जास्तीची वायर दिसली. बारीक, काळी. ती बॅटरीला जोडलेली नव्हती, रिलेला नव्हती, कशालाच नव्हती. एक टोक लाईटपाशी लोंबत होतं. मी दुसऱ्या टोकाचा माग घेत आत गेलो, सीटपुढं पाठ टेकवून डॅशबोर्डखाली टॉर्च मारला. वायरीवर पांढरा दोरा होता. चार गाठी. वर कापडी पट्टी.

पट्टीवर लिहिलं होतं, ‘घुई’.

मी पट्टी बोटानं ताणून पुन्हा वाचली. रस्त्यावरून ट्रक जात होते. ते अक्षर माझं होतं. उकार देताना माझा हात खाली सरकतो, तसा तो सरकलेला होता. टोपी होती. पण मी टोपी घालत होतो तेव्हा ही गाडी जगात नव्हती.

मी बॅटरीचं टर्मिनल काढून बाजूला ठेवलं, म्हणजे गाडीत करंट उरला नाही, आणि टेस्टरची सुई त्या वायरीला लावली. टेस्टरचा बल्ब पेटला. अगदी मंद, पण पेटला. टेस्टर बदलून पाहिला. तोही पेटला.

मग मी वायर ओढून काढली. बाहेर लख्ख ऊन होतं. वायर ओली होती. नुसती ओली नाही, गार. तिला संत्र्याच्या पाल्याचा वास येत होता. मी ती गुंडाळून भिंतीवरच्या शेवटच्या खिळ्याला अडकवली आणि माझी नवी लाइन टाकायला घेतली. नवा रिले, नवा फ्यूज, नवा स्विच. पट्टीवर सावकाश लिहिलं, ‘धुई’. उघड्या डोक्याचा ध. गाठी मुद्दाम मारल्या नाहीत.

संध्याकाळी बायकोला, मालतीला सांगितलं. ती भाकर थापत होती. हात थांबला नाही.

“तुमचंच काम असन. विसरले असान.”

“मी ती गाडी कधी पाह्यलीच नाही.”

“मागच्या महिन्यात चाबी फ्रीजात ठेवली होती. तेबी तुम्हाले आठवत नव्हतं.” मग माझ्याकडे पाहून ती हळू म्हणाली, “पोरीपुढं नका बोलू असं. ते धुईत जाते रोज.”

तेच तर होतं. चाबी फ्रीजमध्ये गेली तर जाऊ दे. पण ज्या गाडीत माझी पोरगी बसते तिच्यात कोणाचा हात फिरला आहे, हे मला कळायला हवं होतं. तो हात माझा असेल तर जास्तच.

सोमवारी मी काम बाकी आहे असं खोटं सांगून रश्मीला बसनं पाठवलं. गाडीच्या कागदांवर आधीच्या मालकाचं नाव आणि गाव होतं. सौसरजवळचंच गाव. दुपारी मी तिथं पोचलो. संत्र्याच्या बागेला लागून घर, दारात रिकामे क्रेट रचलेले. बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, सगळे त्यांना बापूजी म्हणतात असं रस्त्यात कळलं होतं. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून त्यांची बायको बाहेर आली. माझ्याकडे पाहून ती जागीच थांबली.

“अवो,” ती नवऱ्याला म्हणाली, “मिस्त्री आला.”

बापूजी उठले. राम राम नाही, बसा नाही.

“तीन वर्षं झाली, मी तुम्हाले शोधून राहिलो,” ते म्हणाले. “नाव सांगतलं नव्हतं. गाव सांगतलं नव्हतं.”

मी म्हणालो, मी इथं आजच आलो आहे.

“मफलर कुठं हाय तुमचा?” बाईंनी विचारलं. त्यांचं नाव प्रेमलता.

“कोणता मफलर?”

“हिरवा. धुईनं ओला झाल्ता. म्याच चुलीपाशी वाळू घातला होता.”

मी डोक्याला पांढरा दुपट्टा बांधतो. जन्मात मफलर घातला नाही. तसं सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग बापूजींनी सांगितलं. तीन हिवाळ्यांपूर्वी सकाळी, धुईत, मी पायी त्यांच्या अंगणात आलो. कोणी बोलावलं नव्हतं. गाडीच्या लाईटचं काम आहे म्हणालो. त्यांच्या मुलाची, सौरभची गाडी. तो रोज ती घेऊन पांढुर्ण्याकडे जायचा. मी सोबत वायर आणली होती. तासभर डॅशबोर्डखाली घुसून काम केलं. पैसे घेतले नाहीत.

“कपभर चहा पेला,” प्रेमलताबाई म्हणाल्या. “म्याच देल्ला.”

“आन् जातानी पोराले म्हणाले,” बापूजी माझ्या डोळ्यांत पाहत होते, “रपट्याच्या अलीकडं लाईट आपोआप बुजतीन. बुजले का थांबजो. पुढं जाऊ नको.”

“मंग?”

“पोट्टं हासलं. म्हणे बुढा सटकला.”

प्रेमलताबाई आत निघून गेल्या. बापूजींचा आवाज खाली आला. तिसऱ्या दिवशी रपट्यावर कपाशीची ट्रॉली आडवी उभी होती. तिला मागे दिवा नव्हता. सौरभ थांबला नाही, घरीही आला नाही.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “तुम्हाले कसं मालूम होतं?”

माझ्यावर ते संशय घेत होते आणि मला त्याचा राग येत नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता. मी हात जोडले आणि निघालो. फाटकापर्यंत त्यांची नजर माझ्या पाठीवर होती.

रात्री जेवताना रश्मीला एवढंच सांगितलं की गाडी ठोकलेली आहे, ती वापरू नको.

“बसनं गेली तर धुई कमी पडते काय?” ती म्हणाली. “तुम्ही केलं ना काम? मंग झालं.”

“उद्या मी सोबत येतो.”

“या. पण पहा, शिकाले वर्गात नका बसू.”

मंगळवारी सकाळी पांढुर्णा सोडेपर्यंत रस्ता दिसत होता. मग बागा लागल्या आणि धुई लागली. झाडं गेली, मैलाचे दगड गेले. रश्मीनं मोठे लाईट बंद केले, माझं बटण दाबलं. पिवळा उजेड रस्त्याला लागून पसरला. रस्त्याची कड, खड्डे, मध्येच एखादं गळलेलं संत्रं, सगळं स्वच्छ.

“वा रे मिस्त्री,” ती म्हणाली.

माझं लक्ष बटणावरच्या लाल ठिपक्यावर होतं. तो पेटलेला होता.

रपट्याचा उतार लागला. नाल्यावरचा बुटका पूल आहे तो, कठडे नाहीत.

लाईट बुजले.

लाल ठिपका पेटलेलाच होता. इंजिन चालू होतं. समोर काही नव्हतं, नुसतं राखाडी.

“थांब,” मी म्हणालो.

“बाबा, हळूहळू जातो ना, मागून कोणी–”

“रश्मे, थांब!”

तिनं ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. काच खाली करून आम्ही ऐकलं. नाल्याचं पाणी, आणि कुठंतरी लोखंडाचा कुरकुर आवाज.

लाईट पेटले.

दहा पावलांवर कपाशीची ट्रॉली आडवी होती. एक चाक निखळलेलं. मागे दिवा नव्हता. कापसाचे पुंजके रस्त्यावर पडून ओले झाले होते.

रश्मीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. पलीकडून ट्रॅक्टरवाल्याची हाक आली तेव्हा ती रडायला लागली.

मी बोनट उघडून पाहिलं. फ्यूज चांगला, रिले चांगला, अर्थिंग घट्ट. पट्टीवर माझा उघड्या डोक्याचा ध. लाईट बुजण्यासारखं तिथं काही नव्हतं.

संध्याकाळी रश्मी घरी आली. डोळे सुजलेले होते, पण हसत होती. पिशवीतून तिनं एक पुडकं काढलं.

“बाबा, दुपट्ट्यानं कान झाकत नाहीत. सकाळी पाह्यलं, कुडकुडत होते.”

मफलर होता. हिरवा.

“दुसरा रंग नव्हता काय?” मी विचारलं.

“होता ना. हा तुम्हाले चांगला दिसन.”

मी तो घातला नाही. मालती पाहत असताना पेटीच्या तळाशी ठेवला, वर जुन्या गोधड्या ठेवल्या, पेटीला कडी लावली. मग दुकानात जाऊन आलो. ती काळी वायर शेवटच्या खिळ्यावर होती. हात लावून पाहिला. अजून ओली. उद्या सकाळी ती जाळून टाकायची असं ठरवून मी झोपलो.

उठलो तेव्हा उजाडलं होतं. दारात धुई उभी होती. पाय गार वाटले म्हणून पाहिलं, तर तळव्यांना चिखल होता आणि घोट्याला संत्र्याचं एक पान चिकटलेलं.

मालती अंगणात दोरीवर काहीतरी पिळून टाकत होती. हिरवा मफलर.

मी तसाच अनवाणी दुकानात गेलो. शेवटचा खिळा रिकामा होता. बाकड्यावर कापडी पट्टीचं रीळ उघडं पडलं होतं, बाजूला पेन, टोपण काढलेलं.

परत आलो तर मालती चुलीपाशी होती. मी चहा मागितला.

“आता पुन्हा?” ती म्हणाली. “मघा बाहेरून आले तेव्हाच तर म्हणले, त्या बाईनं कपभर देल्ला म्हणून.”

मी भिंतीला टेकलो.

“अजून काय म्हणलो मी?”

मालतीनं माझ्याकडे पाहिलं. चेष्टा करतो आहे का, हे ती पाहत होती.

“म्हणले, पोट्टं हासून राहिलं. ऐकत नाही.”