नाल्यात मुरलेला बांबू

गोंडपिपरीच्या शाळेत बांबूकाम शिकवणाऱ्या लटारूभाऊंचं पत्र देवाजी गुरुजींच्या टेबलावर महिनाभर पडून होतं. उत्तर लिहायचं ते रोज ठरवत आणि रोज टाळत. आपल्याला बांबूतलं काय कळतं? सारा जन्म ग्रंथालयाच्या कपाटांआड गेलेला. उगाच शहाणपण कशाला?

शेवटी ते पत्र घेऊन चंद्रपूरला दिव्यानीकडे गेले. ती त्यांची जुनी वाचक. आता खासगी तपासाची कामं करी. तिनं पत्र मोठ्यानं वाचलं.

‘गुरुजी, बांबू मी पोरांसंगं तीन हप्ते वाहत्या नाल्यात मुरवला. तरी शाळेच्या वर्कशॉपात त्याले किडा लागला. सारे मलेच दोष देऊन राह्यले. खुलासा नाई गेला तर व्यवसाय शिक्षणाचा सरकारी निधी वापस, वर्ग बंद. मी गडचांदूरले मजुरीले चाल्लो. तुमीच सांगा, माही चूक का?’

“खुलाशाची मुदत?”

“उद्या संपते,” गुरुजी पुटपुटले.

“मग उठा!”

गोंडपिपरीच्या अलीकडे एका नव्या धाब्यावर दोघं चहाला थांबले. बांबूचं छत पाहून गुरुजींनी कपावर हात धरला.

“भुसा नाई पडत, भाऊ,” मालक निकेश हसला. “मुरवलेला माल हाय.”

दिव्यानीनं छताचा एक उरलेला तुकडा मागून घेतला. कशाला, ते गुरुजींना कळेना.

शाळेच्या वर्कशॉपात पिठासारखा भुसा सांडला होता. शिपाई रुखमाबाई म्हणाल्या, “लटारूभाऊनं नाल्यातून बांबू काढला तवा असा वास सुटला, मी नाकाले पदर लावला. मंग दिवाळीची सुट्टी लागली. आमी सारे गावाले गेलो. धनराज सर तेवढे इथी. साळ्याच्या, त्या निकेशच्या, धाब्याचं छत करून राह्यले होते म्हणे.”

वर्कशॉप धनराज सरांच्याच ताब्यात होतं. “मुरवला कसला! नुसता भिजवला असेल,” ते म्हणाले. “हा तोच बांबू. मीच रचून घेतला. किल्ली एकच, तीही माझ्या खिशात. आत पाखरू गेलं नाही.”

“नक्की?”

“लिहून देऊ का?”

“द्या,” दिव्यानी म्हणाली. त्यांनी ऐटीत लिहून दिलं.

मग तिनं प्रयोगशाळेतलं आयोडीन मागवलं आणि सगळ्यांना मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावलं. वर्कशॉपातल्या बांबूवर तिनं एक थेंब टाकला. डाग काळानिळा पडला. धाब्यावरच्या तुकड्यावर मात्र थेंब पिवळटच राहिला.

“आयोडीननं काळानिळा होतो तो बांबूतला पिठूळ अंश. किडा येतो तो त्याच्यासाठीच,” ती म्हणाली. “तीन आठवडे वाहत्या पाण्यात तो अंश धुऊन जातो. पाण्यात मुरलेल्या बांबूला घाण वास सुटतो, म्हणजे लटारूभाऊंनी बांबू मुरवला, हे रुखमाबाईंच्या नाकानं सांगितलं. वर्कशॉपातला बांबू मात्र कधी मुरलेलाच नाही. म्हणजे तो बदलला गेला. किल्ली एकाच खिशात. त्या दिवसांत शाळेत एकच माणूस, आणि त्याच्या साळ्याच्या डोक्यावर मुरलेल्या बांबूचं छत.”

“काऊन हो सर,” रुखमाबाई म्हणाल्या, “पाखरू नाई गेलं, मंग टॅक्टर गेला का?”

धनराज सर कबूल झाले. “साळा मागेच लागला होता. कच्चा काय, पक्का काय, पोरांना टोपल्याच करायच्या, असं वाटलं.”

“त्या टिकाऊ करायलाच पोरं शिकतात, सर,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांनी खुलासा लिहिला, धनराज सरांची सही घेतली आणि संध्याकाळच्या आत तो रवाना केला.

गुरुजींनी तिथंच एक पोस्टकार्ड मागून घेतलं. या वेळी उत्तर एका दमात लिहिलं.

‘लटारूभाऊ, चूक तुमची नव्हती. महिनाभर गप्प बसलो, ही माझी. मुलं वाट पाहतात. या.’

गोंडपिपरीच्या पेटीत त्यांनी कार्ड टाकलं, ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला आणि मगच गाडीत बसले.