चौकट ज्याची, इंजिन त्याचं

आमच्या स्केलगार्थ रेल्वे शेडमधली एका जुन्या वर्गाची वाफेची इंजिनं एकेक करून भंगारात गेली. शेवटी चौसष्ट क्रमांकाचं तेवढं उरलं. मेलेल्या भावंडांचे सुटे भाग बसवून आम्ही ते चालतं ठेवलं होतं. प्रत्येक भागावर मूळ इंजिनाचा क्रमांक ठोकलेला असे आणि तो पुसायचा नाही, असा दंडक होता. साहजिकच एकाच इंजिनात अनेक क्रमांक नांदत. ओळख मात्र ठरे ती तळाच्या पोलादी चौकटीवरून. चौकट ज्याची, इंजिन त्याचं.

मार्चमधल्या एका ओल्या, करड्या दुपारी फोरमन या नात्याने मी चौसष्टची तपासणी करत होतो. चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचं वंगण पुसलं, तर खाली सत्तावन. पलीकडच्या दांड्यावरही सत्तावन.

हे दोन्ही दांडे मी स्वतः दोन वेगळ्या इंजिनांवरून उतरवून घेतले होते. सत्तावनचे ते असणं शक्यच नव्हतं. हॅगडेलच्या बोगद्यात भट्टीची आग उलटून ड्रायव्हर सायलस टिंडल होरपळून मेला, त्यानंतर ते इंजिन माझ्या देखत कापून वितळवलं गेलं होतं. मी तेव्हा नवखा फिटर होतो.

सायलसचा धाकटा भाऊ एनॉक आता चौसष्टचा ड्रायव्हर होता. थोड्याच वेळात तो चुनखडीची मालगाडी घेऊन त्याच बोगद्यातून जाणार होता.

"एनॉक, आज हे नको नेऊस."

"का रे, अंब्रोज? साहेबी टोपी चढवल्यापासून भुतं दिसायला लागली होय?"

मी दांड्याकडे बोट दाखवलं. तोंडाशी नेलेला चहा त्याने खाली घेतला.

"कुणीतरी चेष्टा केलीय," तो म्हणाला. "सापडू दे लेकाचा. त्याच्याच टाळक्यावर आकडा ठोकतो."

चेष्टाच असावी. मी दिवा घेऊन इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरलो आणि चौकटीवरचा काजळीचा थर खरवडला.

सत्तावन. आकड्यांच्या खाचांत जुना गंज मुरलेला होता.

वर येऊन मी एनॉकला ते सांगितलं. त्याने हातातला चहा रुळांवर ओतून टाकला.

"गाडी भरून उभी आहे," तो म्हणाला. "आकडे बदलले म्हणून जात नाही, असं सांगू वरती? हसतील रे."

 इंजिन सोडण्याच्या कागदावर मी सही केली.

सूर्य मावळता मावळता इंजिन परतलं. त्याच्यावर साधा ओरखडाही नव्हता. फायरमन आधी उतरला. माझ्याकडे न बघता तो भिंतीपाशी जाऊन बसला.

"बोगद्यात दिवा विझला," एवढंच तो म्हणाला.

मागून एनॉक उतरला. धडधाकट.

"आलास बाबा!" मी म्हणालो.

तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. मायेने, पण गोंधळून.

"अंब्रोज? पोरा, केस कधी पिकले रे तुझे?"

मग त्याने शेडभर नजर फिरवली.

"आणि आमचा धाकटा कुठाय?"