दुसऱ्या क्रमांकाचा प्रस्ताव

रिक्षात आधीच तिघं बसले होते. नूतन चौथी चढली, तेव्हा श्रावणाची भुरभुर चालू होती आणि तिच्या मांडीवर कॅरीबॅगेत गुंडाळलेल्या फायली होत्या. शेजारच्या तरुणाने रिक्षाचा फडफडणारा पडदा हाताने धरला, तो थेट पिंप्राळा येईपर्यंत. त्याची बाही चिंब झाली.

उतरताना ती म्हणाली, "तुमच्यामुळे फायली कोरड्या राहिल्या."

"माझाही स्वार्थ होता," तो ओशाळून हसला. "सगळ्यात वरची माझीच आहे."

नाव नवल महाजन. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरी. संध्याकाळी थकून आला, की पिंप्राळ्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तो मुलांसाठी अभ्यासिका चालवायचा. तिला पक्की इमारत मिळावी, म्हणून त्याने अर्ज केला होता.

आणि नूतन बडगुजर महापालिकेत कनिष्ठ अभियंता. मूळची धुळ्याची, इथे भाड्याच्या खोलीत एकटी. नव्या इमारतींना परवानगी देताना बिल्डरांकडून विकास शुल्क घेतलं जायचं, त्यातून वस्त्यांची कामं व्हायची. या भागाच्या वाट्याला यंदा एकाच कामापुरता निधी होता. प्रस्ताव अकरा. प्रत्येक जागा पाहून अहवाल लिहायचा तो नूतनने, निर्णय समितीने घ्यायचा. मग उरलेल्या दहा जणांना "नाही" सांगायलाही तीच. तीन वर्षं ती हेच करत होती. लोक चिडत, काही रडत. तिला आता दोन्हींचा सारखाच शीण यायचा.

नवल दर मंगळवारी चौकशीला येऊ लागला. पण चौकशी दोन मिनिटांत संपायची आणि तो रेंगाळायचा.

"नवलभाऊ, अजून काही काम होतं का?" तिने एकदा विचारलं.

"काम नाही... एक विनंती होती. ऑफिसात तुम्ही सगळ्यांनाच भाऊ म्हणता. मला तेवढं वगळा."

ती फाइलीत डोकं खुपसून बसली. कान मात्र गरम झाले होते.

पाहणीच्या दिवशी ती सकाळपासून सहा वस्त्या फिरून अभ्यासिकेत पोचली. शेडची लांबी-रुंदी मोजली, खुर्चीवर टेकली, आणि टिपणं लिहिता लिहिता तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पंखा तिच्याकडे वळवलेला होता. मुलं ओठांतल्या ओठांत वाचत होती. नवल दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला खुणेने गप्प करत होता.

"उठवायचं ना," ती संकोचून म्हणाली.

"इतकं दमलेलं माणूस..." तो थांबला. "नाही उठवावंसं वाटलं."

तिथून निघताना तिला पाय उचलवेनात. पण एक जागा राहिली होती.

ती बंद गटारीसाठी अर्ज करणाऱ्या कुंदाबाईंची गल्ली. उघडी गटार तुंबलेली, घराघरांत काळं पाणी. कुंदाबाई नातवाला मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या होत्या. त्याला आठ दिवस जुलाब होत होते. त्या शांतपणे अहिराणीत म्हणाल्या, "तू लिखी ले वं बाई. बठ्ठं पानी घरमा येस."

अहवाल लिहिताना नूतनला तो पंखा आठवला, दारातला नवल आठवला. मग तिने पहिल्या क्रमांकावर गटार लिहिली, दुसऱ्यावर अभ्यासिका, आणि खाली सही केली. चूक काहीच नव्हतं. तरी रडू आलं.

समितीने तीच शिफारस मान्य केली. पत्र जायच्या आत ती स्वतः अभ्यासिकेकडे गेली. मुलं नुकतीच पांगली होती. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. यंदा नाही, निधी कुंदाबाईंच्या गल्लीतल्या गटारीला गेला. पुढच्या वर्षी प्रस्ताव पुन्हा येईल, पण खात्री देता येत नाही. आणि क्रम तिनेच लावला होता.

नवल बाकावर बसला. त्याचा चेहरा उतरला, आणि तो त्याने लपवलाही नाही.

"मी त्या गल्लीत जाऊन आलो होतो. मागच्याच रविवारी. परत आल्यावर वाटलं, अर्ज मागे घ्यावा. मुलांकडे पाहून घेतला नाही."

"मग राग नाही आला?"

"आला. तुमचा नाही." तो क्षणभर अडखळला. "नूतन... इतके दिवस मी अर्जदार होतो. काही बोललो असतो, तर तुम्हाला वाटलं असतं, कामासाठी बोलतोय. आता ती अडचण राहिली नाही. मला तुम्ही आवडता. फार आवडता."

बाहेर भुरभुर थांबली होती. पन्हाळीतून थेंब तेवढे टपकत होते. नूतनला एकदम जाणवलं, की गेल्या कित्येक महिन्यांत तिच्याकडे कुणी काही मागितलं आणि तिला स्वतःच्या मनाने "हो" म्हणता आलं, असा हा पहिलाच प्रसंग. गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने पर्समध्ये टाकलं आणि त्याच्या शेजारच्या बाकावर बसली.

"रविवारी मी धुळ्याला आईकडे जातेय," ती म्हणाली. "सकाळची बस आहे. सोबत येशील?"