अडतीस टक्के

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही मानलीच पाहिजे असं नाही, पण मी त्या खोलीत होते.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. दिवसभर लोकांना भिंतीवरची शेवटची ओळ वाचायला लावायची, हे माझं काम. दिसतं ते दिसतं, दिसत नाही ते दिसत नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी मीच खिदळायचे.

आता नाही खिदळत.

गेल्या हिवाळ्यातली शनिवारची संध्याकाळ होती. जागा म्हणजे माझ्या ताईचं घर. डोंगरातलं लहानसं गाव, एकदा पडलेला बर्फ तिथे महिनोन्‌महिने हलत नाही. पाच वाजले की काळोख.

पण त्याआधी भाऊजींबद्दल सांगायला हवं.

ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, लाइनमन होते. बर्फाच्या वजनानं तारा तुटायच्या आणि हे शिडी घेऊन निघायचे. तिकडच्या थंडीत मोबाईलचं काही खरं नसतं. बॅटरी निम्मी भरलेली असली तरी फोन एकदम मान टाकतो. म्हणून तिथले सगळे लाइनमन फोन आतल्या बंडीच्या खिशात ठेवतात, अगदी बगलेशी. भाऊजी म्हणायचे, एवढी ऊब तर मी बायकोलाही दिली नाही. मग ताई हातातलं फडकं त्यांना फेकून मारायची.

आणि त्यांच्या कामाचा एक नियम होता. खांबावर चढण्याआधी उपकेंद्राला फोन करून लाइन बंद करून घ्यायची. काम संपलं की ज्यानं बंद करून घेतली, त्यानंच सांगायचं, "काम झालं, माणसं खाली आहेत, चालू करा." त्याच्या तोंडून हे ऐकल्याशिवाय ऑपरेटर बटणाला हात लावत नाही. कोणी कितीही ओरडो. नाहीतर वर चढलेला माणूस जागच्या जागी जायचा.

उपकेंद्रावरच्या ऑपरेटरना भाऊजी "बटणमास्तर" म्हणायचे. दोघांची मैत्री म्हणजे दिवसभर फोनवर भांडण.

घरातलाही एक नियम होता. लाइट गेली की भाऊजी जायचे. लाइट आली की ताई चहाचं पाणी ठेवायची. मग अर्ध्या तासात पायरीवर बूट आपटल्याचा आवाज यायचा. बर्फ झाडायला... दोनदा. धप. धप.

चौदा वर्षं हे असंच चाललं.

त्या शनिवारच्या दोन वर्षं आधी, अशाच हिवाळ्यात, एका संध्याकाळी लाइट गेली. भाऊजींचा जोडीदार तापानं फणफणला होता. जवळचंच तर काम आहे, म्हणून हे एकटेच गेले. लाइन बंद करून घेतली. वर चढले. हेल्मेटवरचा दिवा नीट पेटेना, म्हणून त्यांनी फोन बगलेतून काढला आणि त्याचा टॉर्च लावला.

तार जोडून झाली. आणि फोन बंद पडला.

इथून पुढे काय झालं ते नंतर सगळ्यांनी मिळून जुळवलं. खांबापासून घर जवळ होतं. उपकेंद्र उलट्या दिशेला आणि बरंच लांब. पण घरी जाऊन काय उपयोग? गाव काळोखात गारठलेलं आणि चालू करा म्हणायचा अधिकार एकट्या यांना. म्हणून हे उपकेंद्राकडे चालत निघाले. त्या वादळात.

मास्तर फोनची वाट बघत बसले. फोन नाही, म्हणजे काम चालू आहे.

ताई घरात बसली. लाइट नाही, म्हणजे काम चालू आहे.

कोणीही शोधायला गेलं नाही.

सकाळी दुसरी माणसं खांबावर गेली. बघतात तर तार जोडलेली. वर कोणी नाही याची खात्री करून त्यांनी कळवलं आणि दिवसाउजेडी गावभर दिवे लागले. ताईनं पाणी ठेवलं. दोन कप काढले. अर्ध्या तासानं पायरी वाजली आणि दारात मास्तर उभे होते. 

भाऊजी उपकेंद्राच्या वाटेवर सापडले होते. एका हातात मोजा नव्हता. फोन बंडीच्या आत, कातडीला चिकटवून धरलेला. शेवटपर्यंत त्याला ऊब देत होते.

दवाखान्यात हीटरजवळ ठेवल्यावर तो फोन आपोआप चालू झाला.

बॅटरी अडतीस टक्के.

ताईनं तो आकडा बघितला आणि त्या दिवसापासून ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यात मी तिला न्यायला गेले. आई म्हणाली, काहीही कर, पण तिला घेऊनच ये. मी दुकानातून मोठी रजा काढली होती.

गेले तर घरात काळोख. शेगडी पेटलेली, एक मेणबत्ती. मला वाटलं, गावातच लाइट नसेल. पण खिडकीतून बघितलं तर रस्त्यावरचा दिवा ढणढणीत जळत होता.

ताईनं मेन स्विच पाडून ठेवला होता. रोज संध्याकाळी पाडायची.

मी चिडले. डोकं फिरलंय का तुझं, असंही बोलले. ती शांतपणे शेगडीत लाकूड सारत राहिली.

"लाइट असली की मी वाट बघत बसते गं," ती म्हणाली. "नसली की हे कामावर आहेत. तेवढं तरी राहू दे मला."

मी मेणबत्ती तिच्याजवळ सरकवली.

आणि तो फोन... तो तिनं खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला होता. उघड्यावर, बर्फात. वर पांढरा थर जमलेला. आत घेऊ का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे बाहेर. कळू दे त्याला थंडी काय असते."

मी आठवडाभर तिच्या मागे लागले. चल म्हटलं, आईकडे राहा. माझ्याकडे राहा. ती कधी नाही म्हणायची नाही, पण बॅग मात्र भरायची नाही. माझा फोन मी संध्याकाळी शेजारी नेऊन चार्ज करायचे आणि येताना स्वेटरच्या आत घालून आणायचे. तिथे राहून मलाही ती सवय लागली होती.

मग तो शनिवार आला.

दुपारपासून बर्फ पडत होता. काळोख पडला आणि थोड्या वेळानं रस्त्यावरचा दिवा गेला. शेजारच्या खिडक्या गेल्या. सगळं गाव एकदम गप्प झालं.

ताई उठली.

खिडकीशी गेली. बाहेर बघितलं. मग भिंतीशी जाऊन तिनं मेन स्विच वर केला. मी आले तेव्हापासून संध्याकाळी पहिल्यांदाच.

"निघाले असतील आता," ती म्हणाली.

 मला तिची भीती वाटली, खरं सांगते. दुसऱ्या कशाची नाही. ही आपल्या हातातून चाललीय, असं वाटलं.

आम्ही बसून राहिलो. मी काहीबाही बोलत होते. आईचे गुडघे, दुकानातली गिऱ्हाइकं. ती हं हं करत होती. कान मात्र बाहेर.

बाहेर वारा थांबला.

आणि लाइट आली.

डोक्यावरचा दिवा इतके दिवस लागलाच नव्हता. डोळे दिपले. ताई पाणी ठेवायला गेली. कप काढल्याचा आवाज आला. एक... दोन... मग थोडं थांबून, तिसरा.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मास्तर होते. माझा नंबर त्यांनीच मागून घेतला होता, ताईची खबर कळावी म्हणून.

"त्याचा फोन कोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, का?

"आधी सांग. कोणाकडे आहे?"

मी म्हटलं, बाहेर कट्ट्यावर आहे. बंद आहे. गोठलाय.

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग त्यांनी सांगितलं. तार तुटली होती, पण बर्फामुळे आज कोणी कामावर निघालंच नव्हतं. लाइन कोणी बंद करून घेतली नव्हती. सकाळी बघू असं ठरलं होतं. आणि आत्ता फोन आला. वाऱ्यातून, धापा टाकत. काम झालं मास्तर. माणसं खाली आहेत. चालू करा.

"माझं बोट आपोआप गेलं गं," मास्तर म्हणाले. "इतके दिवस त्याच वाक्याची वाट बघतोय मी. बटण दाबलं आणि मग स्क्रीनवर नाव बघितलं."

ते रडत होते. साठीला आलेला माणूस, लहान मुलासारखा.

मी खिडकी उघडली.

फोन कट्ट्यावरच होता. काळा. बंद. पण त्याच्यावरचा बर्फ...

नव्हता.

भोवतीचाही वितळला होता. फोनभोवती कट्ट्याचा ओला दगड दिसत होता. मी हात लावला.

गरम होता. चार्जरवरून काढल्यासारखा नाही. अंगाच्या उबेनं होतो तसा. नुकताच बंडीतून काढल्यासारखा.

मी बटण दाबून बघितलं. चालू झाला नाही.

मागे वळले तर ताई दाराकडे तोंड करून उभी होती. केस सारखे केलेले. तिला काही सांगायची हिंमत मला झाली नाही. चहा उकळून उकळून काळा झाला. किती वेळ गेला माहीत नाही.

मग पायरीवर...

धप.

धप.

मी ताईचा दंड धरला. उघडू नकोस म्हटलं. तिनं माझा हात हळूच बाजूला केला. रागानं नाही. आपण मुलाचा हात पदरातून सोडवतो ना, तसा.

तिनं दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं. पायरीवरचा बर्फ सपाट होता, एक पाऊल उमटलेलं नव्हतं. मला दिसलं नाही काही. शपथेवर सांगते, माझे डोळे चांगले आहेत.

पण गारठा आत आला. दार लावल्यावरही तो आतच राहिला. शेगडी पेटलेली असून माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

ताई दाराजवळच्या स्टुलापुढे खाली बसली. स्टूल रिकामं होतं. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि बोटं हलवायला लागली. सावकाश. बुटांच्या आखडलेल्या नाड्या सोडवतात ना... तशी. एक गाठ निघेना, तर वाकून तोंडाची वाफ दिली तिनं.

"किती उशीर," ती म्हणाली. "घर जवळ होतं ना. आधी घरी यायचं ना."

आणि ती रडली. दोन वर्षांनी. रिकाम्या स्टुलाला डोकं टेकून, आवाज बसेपर्यंत रडली. मी भिंतीला चिकटून उभी होते. तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हता. तिथे मला जागाच नव्हती.

स्टुलाखाली पाणी साचलं होतं. दोन पावलांएवढं.

सकाळी मास्तर आले. माणसं तुटलेली तार शोधून आली होती. जोड ताजा होता, चकचकीत. प्रत्येक लाइनमनचा तारेला पीळ द्यायचा हात वेगळा असतो. तो हात कोणाचा, हे मास्तरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दारातूनच परत गेले. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही.

ताई छान झोपून उठली होती. न्हाऊन आली. घरभर दिवे लावले. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मला वाटलं, सुटली एकदाची. आता येईल माझ्याबरोबर.

मी बॅग काढली. तिनंही मदत केली. माझे कपडे घड्या घालून दिले, वाटेसाठी खायला बांधलं. फक्त माझंच.

"तुझं काय?" मी विचारलं.

ती माझ्याजवळ आली आणि आवाज खाली केला. कोणीतरी आत झोपलंय, तसा.

"तू जा आता. मनाला लावून घेऊ नकोस. पण हे फार दमलेत गं. घरात दुसरं माणूस असलं की यांना झोप लागत नाही."

मी खूप बोलले. आईचं नाव घेतलं, पाया पडले. ती हसून माझ्या गालावरून हात फिरवत राहिली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

मी निघाले तिथून. आईला सांगितलं, ताई बरी आहे, खाते-पिते, तिला तिकडेच राहायचंय. यातलं खोटं काहीच नाही. आई अजून रोज विचारते, तू तिला सोडून आलीसच कशी?  नवऱ्यापासून बायकोला तोडून आणायला हवं होतं का, हेच मला कळत नाही.

दर रविवारी मी तिला फोन करते. ती मजेत असते. पूर्वीसारखी थट्टा करते, मध्येच फोन बाजूला धरून कोणाला तरी "थांबा हो, बोलू द्या" म्हणते.  कान देऊन ऐकते. पलीकडे काहीच ऐकू येत नाही.

हल्ली तिचा आवाज मात्र कापतो. दात वाजत असल्यासारखा. परवा मी विचारलं, आता तर उन्हाळा लागला, तुला थंडी कसली वाजते?

"मी रात्रभर जवळ घेऊन झोपते गं," ताई म्हणाली. "पण यांच्या अंगातला गारठा काही केल्या जात नाही."