डावा खांदा

कर्नलसाहेबांचा कोट शिवायला मास्तर तयार झाले, याचं त्यांच्या बायकोलाही नवल वाटलं. बावीस वर्षांत त्यांनी त्या माणसाचं नाव काढलं नव्हतं. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, लहानपणी दुकानाच्या कात्रीत अर्धी करंगळी गमावलेला तरी हट्टानं सैन्यात गेलेला, साहेबांच्याच पलटणीत होता. तो गेल्याची बातमी घेऊन साहेब स्वतः दुकानात आले, तेव्हा मास्तरांनी मान वर केली नाही. मशीन चालवत राहिले. साहेब बराच वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

आता साहेबही गेले. पलटणीच्या सभागृहात, काचेच्या कपाटात त्यांचा गणवेश मांडायचा होता आणि जुना तर कसरीनं पार चाळणी केलेला. साहेबांची मुलगी नवीन कापड घेऊन आली. कोट बाबांचाच वाटला पाहिजे, काका, तुमच्याशिवाय कोणाला जमणार, म्हणाली. मास्तर हो म्हणून बसले. जुनी मापवही काढली आणि कात्री चालू लागली. हात कामाला लागल्यावर राग कुठे आठवतोय!

कोट झकास झाला. लाकडी धडावर चढवून मास्तर जेवायला गेले. परत येऊन बघतात तर डावा खांदा दोन बोटं खाली.

स्वतःला चार शिव्या हासडून त्यांनी खांदा उसवला, पुन्हा शिवला. टेबलावर पसरला की दोन्ही खांदे अगदी बरोबर, धडावर चढवला की डावा हळूहळू उतरायचा. धड बदललं, तरी तेच. दुपारच्या उन्हात खडूची धूळ तरंगत राहायची, डोळे जड व्हायचे, आणि आपण जागे आहोत की झोपेत टाके घालतोय हेच त्यांना कळेनासं व्हायचं. डोळे तपासून घ्या, बायको म्हणाली.

चौथ्या दिवशी मुलगी कोट न्यायला आली. मास्तरांनी ओशाळून आणखी एक दिवस मागितला. ती कोटाकडे बघतच राहिली.

"राहू द्या, काका. बाबांचा खांदा असाच होता."

"वहीत तर सरळ आहे."

"वही आधीची असेल. बर्फातून दोन दिवस कोणाला तरी पाठीवर आणलं होतं त्यांनी. डावा खांदा तेव्हा जो उतरला, तो वर आलाच नाही. कोण ते कधी सांगितलं नाही. जिवंत नाही पोचवता आलं पोराला, एवढंच म्हणायचे."

मास्तरांचा हात वहीवरच थांबला. आतल्या दारात बायको उभी होती.

"तुम्ही मान वर केली नव्हती त्या दिवशी," ती म्हणाली. "साहेबांचा डावा हात गळ्यात बांधलेला होता."

मुलीला त्यांनी संध्याकाळी यायला सांगितलं. मग त्या खांद्याचे टाके उसवले आणि तो जसा उतरत होता, तसाच शिवला. या खेपेला कोट जागचा हलला नाही.

"चुकलं माझं, साहेब," ते म्हणाले. बावीस वर्षं घशात अडकलेलं एवढंच होतं.

शेवटचा ब्रश फिरवायला ते वाकले.

डाव्या खांद्यावर, पुढच्या अंगाला, लोकर दबलेली होती. मागून कोणीतरी घट्ट धरावं, तशी.

ब्रश फिरवला. लोकर उठेना.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि लोकरीत उमटलेली बोटं मोजली. चार होती. शेवटचं अर्धंच.